‘नाही आढळली’

९ जानेवारी

धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू पत्र न फोडताच टोपलीत टाकशील, म्हणून पत्ता तुझ्या भावजींकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर दोन मिनिटं वाच. कोणी गेलेलं नाही, कोणी दवाखान्यात नाही. भावजींचा उजवा गुडघा सोडला तर या घरात सगळं ठणठणीत आहे.

बातमी अशी की रानातल्या वनस्पतींची नोंदणी पुन्हा सुरू झाली! सत्तावीस वर्षांनी! आपला तोच डोंगराळ जिल्हा, तेच एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद चौकोन, तीच छापील कार्डं, ज्यांवर दिसलेल्या झाडापुढे बारीक बरोबरची खूण करायची. फक्त या वेळी पाच वर्षं नाहीत, एकच वर्ष आहे. डिसेंबरात काम संपवायचं आणि मग नकाशांचं पुस्तक छापायचं. प्रत्येक वनस्पतीला एक पान, आणि ती जिथे जिथे सापडली त्या चौकोनात एक काळा ठिपका. मागच्या वेळी मास्तरांनी एवढी नोंदणी चालवली, पण ते पुस्तक निघालंच नाही, सगळी कार्डं त्यांच्या कपाटात पडून राहिली. आता जुन्या आणि नव्या नोंदी एकत्र छापणार आहेत.

मास्तर तीन वर्षांपूर्वी गेले, हे तुझ्या कानावर आलं असेलच. आता त्यांची लेक सगळं सांभाळते. दुसरीत माझ्या वर्गात होती, पेन्सिल चावायची. आता ती मला सांगते, “बाई, कार्ड शाईपेननं नको, बॉलपेननं भरा.” मी मुकाट्याने ‘हो’ म्हणते.

चौकोनांच्या चिठ्ठ्या टाकल्या. मला बारा आले. त्यांत त्रेसष्ट आलाय.

हो, तोच. मला माहीत आहे की या आकड्याने तुझं डोकं फिरेल, पण मी तो मागून घेतलेला नाही. तू तिथे एका पानाचा नेचा पाहिला होतास, पाच रोपं. दहापेक्षा कमी असतील तर उपटायचं नाही हा मास्तरांचा नियम, म्हणून तू नमुना आणला नाहीस, नुसतं चित्र काढून आणलंस. मास्तरांनी खात्री करायला मला पाठवलं. मी आठ दिवसांनी जाऊन दोन तास शोधलं, मला दिसला नाही, कार्डावर ‘नाही आढळली’ असं लिहिलं. तुझी नोंद खोडली गेली. त्यात माझा काय दोष, हे मी तेव्हाही विचारलं होतं.

जाऊ दे. जुनं उगाळायला बसले नाहीये. मला फक्त एवढं विचारायचंय की उतारावर नेमकी कुठली जागा? झऱ्याच्या डाव्या हाताला की उजव्या? एक ओळ टाकलीस तरी चालेल.

तुझी ताई

२ मार्च

धाकटे,

तुझी ओळ आली नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे मिळालंय. ठीक आहे, मी एकटीच बोलते. लहानपणीही तू फुगून बसलीस की मीच बोलायचे.

अगं, काय मजा येतेय म्हणून सांगू! चौतीस वर्षं शाळेत मुलांना ‘खाली बघून चाला’ म्हणाले आणि आता कुठे स्वतः खाली बघून चालायला शिकतेय. आपल्या बसथांब्यामागच्या भिंतीत, फक्त त्या एका भिंतीत, मी एकोणीस जाती मोजल्या. एकोणीस! आंबुशी, केना, माका, आणि तीन तऱ्हेचे नेचे एकाच फटीत दाटीवाटीने. मी तिथे अर्धा तास वाकून उभी होते. दोन बस माझ्यासाठी थांबल्या आणि कंडक्टरने शिव्या घालून पुढे नेल्या.

पहिल्या महिन्यात मोठीच फजिती केली. कार्डावर चौकोनाची जागा लिहिताना नकाशावरचा आडवा आकडा आधी लिहायचा, मग उभा. मी सात कार्डांवर उलटे लिहिले. मास्तरांच्या लेकीचा फोन आला. “बाई, तुमचा आघाडा तळ्याच्या मधोमध उगवलाय.” मी म्हटलं, चांगलं खोल मूळ धरलंय त्याने. ती हसली नाही. तिचा स्वभाव बापासारखाच आहे, नोंद म्हटली की चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. पण काम चोख आहे. प्रत्येक कार्ड ती दोनदा वाचते.

भावजी स्कूटरवरून मला डोंगराच्या पायथ्याशी सोडतात आणि झाडाखाली पेपर वाचत बसतात. मी वर गेले की तासाभराने खालून हाक येते, “आहेस का गं?” मी वरून ओरडते, “आहे!” काल त्यांनीच मला एक गवत दाखवलं आणि म्हणाले, “हे तुझ्या यादीत नसणार.” नव्हतंच! तेव्हापासून त्यांची कॉलर ताठ आहे, आणि जेवताना रोज तो विषय निघतो.

त्रेसष्ट सध्या कोरडा ठणठणीत आहे. तिथे आत्ता काही दिसणार नाही. पावसाळ्यात बघू.

ताई

२१ जून

धाकटे,

बस, आता खुर्ची घट्ट धर! दवबिंदू सापडली!

किडे खाणारी! इवल्या लाल पानांवर चिकट थेंब आणि त्यांत एक चिलट फसलेलं, अजून पाय हलवत होतं. चौकोन अठ्ठावन्न, रस्त्याच्या कडेला ओल झिरपते त्या कातळावर. मी किती वेळा तिथून गेले असेन? शंभर वेळा? मी आडवी पोटावर पडले, भिंग डोळ्याला लावलं आणि मोठ्याने ओरडले. रस्ता दुरुस्त करणारा एक जण फावडं टाकून धावत आला, त्याला वाटलं बाई पडल्या. “काही हरवलं का, आजी?” मी म्हटलं, “नाही रे बाबा, सापडलं!” मग तोही वाकला. “हे? एवढंसं?” म्हणाला. मी त्याला चिलट दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याच्या मुकादमालाही बोलावून आणलं.

घरी येऊन आधी कार्ड भरलं. एकसष्ट वर्षांची मी, आणि आनंदाने रात्रीचं जेवण जाईना. तेव्हा तुझी आठवण आली. तूही त्या दिवशी त्रेसष्टमधून अशीच आली होतीस, केस भिजलेले, चित्राचा कागद पोटाशी धरलेला. “ताई, ताई, पाच आहेत!” म्हणत होतीस. मी काय म्हणाले होते, आठवतं? “आधी पाय धू.”

आणखी एक सांगायचंय. मास्तरांच्या लेकीने जुनी कार्डं तपासायला घेतली आहेत. तिने मला विचारलं, “बाई, त्रेसष्टमध्ये तुम्ही तेव्हा किती वेळ होतात? कार्डावर वेळ लिहिलेली नाही.” मी म्हटलं, तासभर. तुला मी दोन तास लिहिलंय. इतक्या वर्षांनी नक्की कसं आठवणार? अर्धा-पाऊण तासही असेल. पाऊस होता.

ताई

१७ ऑगस्ट

धाकटे धाकटे धाकटे,

आहे! आहे गं! तू म्हणाली होतीस तसाच!

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. झऱ्याच्या डाव्या हाताला, वरच्या सपाट जागेत, जिथे गवत बोटभरसुद्धा वाढत नाही. मी गुडघ्यांवर बसून हाताने गवत विंचरत जात होते आणि समोर एक पान. एकच पान, अंगठ्याच्या नखाएवढं, आणि त्यातून वर आलेला तुरा, करंगळी उभी केल्यासारखा. मग त्याच्या शेजारी दुसरं. मग माझी नजर बसली आणि जिकडे बघावं तिकडे तेच! मी मोजले. सदतीस! तुझ्या पाचांचे सदतीस झालेत!

मी तिथेच बसकण मारली आणि रडले. खालून भावजींची हाक आली, “आहेस का?” मला ‘आहे’ म्हणता येईना. ते बिचारे गुडघा ओढत थेट वरपर्यंत आले. मी बोट दाखवलं. ते म्हणाले, “हे? याच्यासाठी तुम्ही दोघी बहिणी सत्तावीस वर्षं बोलत नाही?”

आता कार्ड भरते आणि संध्याकाळी स्वतः नेऊन देते. पोस्टाचा भरवसा नको. तू खरी होतीस, धाकटे. आता सगळ्यांना कळेल!

तुझी ताई

२५ ऑगस्ट

धाकटे,

मागच्या पत्रात ‘सगळ्यांना कळेल’ लिहून बसले. आता काय झालं ते ऐक, आणि माझ्यावर लगेच उखडू नकोस.

मास्तरांची लेक दुसऱ्याच दिवशी त्रेसष्टला आली. तिने रोपं पाहिली, फोटो काढले आणि पहिल्यांदा हसली. रविवारी नोंदणीवाल्यांची बैठक होती, शाळेच्या हॉलमध्ये, तीसेक माणसं. तिने फोटो पडद्यावर दाखवला आणि म्हणाली, “जिल्ह्यातली ही पहिली नोंद. शोधणाऱ्या आपल्या बाई.” टाळ्या! मागच्या रांगेतले दोघे तर उभे राहिले. माझ्या मनात आलं, आत्ता उठावं आणि सांगावं, पहिली मी नाही. आणि मी काय केलं? मी नमस्कार केला. सगळ्यांना हसून नमस्कार केला.

बैठक संपल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, अगं, माझ्या बहिणीने सत्तावीस वर्षांपूर्वी हाच नेचा पाहिला होता, पहिला ठिपका तिच्या नावाचा हवा. ती म्हणाली, “मी ते कार्ड पाहिलंय, बाई. पण त्यानंतर आठ दिवसांनी तुम्ही शोधलंत आणि ‘नाही आढळली’ असं लिहिलंत. भर मोसमात. आठ दिवसांत पाचही रोपं नाहीशी होत नाहीत. म्हणजे तुमच्या बहिणीने दुसरंच काहीतरी पाहिलं असणार. हा नेचा तिथे नंतर आला. वाऱ्याबरोबर येतो तो.”

मी म्हटलं, माझ्याकडून पाहायचं राहून गेलं असेल. ती म्हणाली, “तुमच्याकडून? बाबा म्हणायचे, तुमचं ‘नाही’ म्हणजे कोणाच्याही ‘हो’पेक्षा पक्कं. तुमच्या शब्दावर आम्ही एक्केचाळीस नोंदी खोडल्या आहेत.”

बघ ना, काय पेच पडलाय. मी जोवर खरी आहे, तोवर तू खोटीच राहणार.

पुस्तकात हा नेचा येईल तेव्हा त्याच्याखाली माझं नाव असेल. पंधरा सप्टेंबरनंतर जुन्या नोंदींत बदल करता येत नाही, त्यानंतर ती नकाशे काढायला घेणार आहे. मला दोन दिवस झोप नाही. भावजी विचारतात काय झालं, मी म्हणते पित्त.

ताई

११ सप्टेंबर

धाकटे,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन फाडली, कारण त्यांत प्रत्येक वेळी पाऊस यायचा, अंधार पडायचा, माझा पाय मुरगळायचा. यात तसलं काही नाही.

मी गेलेच नव्हते.

दोन तास नाही, तासभर नाही, अर्धा तास नाही. मी त्रेसष्टमध्ये पाऊलसुद्धा ठेवलं नाही. बसने पायथ्याशी उतरले. तिथे चहाची टपरी होती, आता नाही. बाकावर बसले. दोन चहा घेतले, मग तिसरा. टपरीवाल्याच्या रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. वरती पठार लख्ख दिसत होतं, चाळीस मिनिटांची चढण. मी कार्ड काढलं, ‘नाही आढळली’ असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि परतीच्या बसमध्ये बसले.

का, ते तू विचारशील. तू विचारणार नसलीस तरी सांगते. मी त्या वेळेपर्यंत चारशेवर जाती नोंदल्या होत्या आणि त्यांत एकही अशी नव्हती की मास्तर खुर्चीतून उठतील. तू पहिल्याच वर्षी आलीस, यादीतली निम्मी नावंही तुला पाठ नव्हती, आणि मास्तर तुझं चित्र घेऊन खिडकीपाशी गेले. मदतनिसाची पगारी जागा निघणार होती, तिच्यासाठी त्यांच्या मनात तू होतीस. मला नोकरी होती, मला ती जागा नकोच होती. पण तुला मिळावी असंही वाटत नव्हतं. बाकावर बसून मी स्वतःला सांगितलं की धाकटी उतावीळ आहे, काहीतरी भलतंच बघून आली असणार, एवढं वर चढून काय करायचं. मला हे पटलंही. आपल्या फायद्याचं असलं की माणसाला लगेच पटतं.

मग बैठकीत लोक हसले. न दिसणाऱ्या कुठल्याही झाडाला ‘धाकटीचं झाड’ म्हणायची पद्धतच पडली, तुझ्या तोंडावर. जागा दुसऱ्याला गेली. तू शहरात निघून गेलीस आणि औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलीस. आई गेली म्हणून आलीस तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाहीस, आणि मी नातेवाइकांना सांगत फिरले की धाकटीला एवढंसं काही सहन होत नाही.

जानेवारीपासून तुला पत्रं लिहितेय ती खरं तर याच एका वाक्यासाठी. मला वाटलं होतं, नेचा सापडला की सगळं आपोआप मिटेल आणि हे सांगावंच लागणार नाही.

परवा, तेरा तारखेला, पुन्हा बैठक आहे. जुन्या नोंदींत बदल करायची शेवटची. मी सांगणार आहे. आधी तुला लिहितेय म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. पत्र आत्ताच पेटीत टाकून येते.

ताई

१३ सप्टेंबर, संध्याकाळ

धाकटे,

सांगितलं!

तोच हॉल. मी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा. उभी राहिले आणि म्हटलं, “चौकोन त्रेसष्टमधली माझी जुनी नोंद खोटी आहे. मी तिथे गेले नव्हते. खाली बसून लिहिली.” कोणाला काही कळेना. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे तुमची नजर चुकली असं म्हणायचंय ना?” बघ, लोक किती चांगले असतात, सुटायला वाट करून देतात! मी म्हटलं, “नाही. नजर चुकायला डोंगर चढावा लागतो. मी चढलेच नाही.”

मास्तरांच्या लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने जुन्या कार्डांचा गठ्ठा पुढे ओढला. मग म्हणाली, “बाई, बाकीच्या चाळीस?” मी म्हटलं, त्या खऱ्या आहेत, तिथे मी गेले होते, देवाशप्पथ. ती म्हणाली, “माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासावर नकाशा नाही काढता येत.” अगदी मास्तरच बोलले! मला वाईट वाटलं आणि इतका अभिमानही वाटला की काय सांगू. पेन्सिल चावणारी पोर!

निर्णय असा झाला. तुझी नोंद परत धरली. मी हाताने कार्ड लिहिलं, तिने वाचलं, सगळ्यांसमोर. त्यावर तुझं नाव, सत्तावीस वर्षांपूर्वीची तारीख, ‘पाच रोपं, झऱ्याच्या वरची सपाट जागा, प्रथम नोंद’. पुस्तकात एका पानाच्या नेच्याचा पहिला ठिपका तुझा. माझा त्याच चौकोनातला दुसरा, ‘पुन्हा आढळली’ म्हणून. मागे तुला हसलेल्यांपैकी तिघे अजून येतात. त्यांतले एक उठून म्हणाले, “आम्हीही बोललो होतो. तिला कळवा.” कळवतेय.

आणि माझ्या बाकीच्या चाळीस ‘नाही आढळली’ रद्द. तिथे ज्यांनी ज्यांनी झाडं पाहिल्याचं लिहिलं होतं, त्यांच्यावर मी अन्याय केलाय की नाही, ते आता पुन्हा जाऊन बघायचं. सोळा जागा अशा आहेत की त्यांचा मोसम गेला, त्या नकाशावर कोऱ्याच राहणार, आणि खाली माझ्या नावाने कारण छापलं जाणार. उरलेल्या चोवीस डिसेंबरपर्यंत बघता येतील. खात्री करणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढलंय. आजपासून नियम असा की ‘नाही आढळली’वर दोघांच्या सह्या हव्यात, दोघांनी त्या जागी उभं राहून केलेल्या. माझ्याबरोबर कोण जाणार, असं विचारलं तेव्हा हॉलमध्ये सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. भावजींनी हात वर केला. मास्तरांची लेक म्हणाली, “काका, तुम्हाला आघाडा तरी ओळखता येतो का?” ते म्हणाले, “तळ्यातला येतो.” तेव्हा कुठे लोक हसले.

मला वाटलं होतं, घरी येऊन मी तोंड लपवून झोपेन. पण मी बूट घासून दाराशी ठेवलेत! चोवीस चौकोन! एकसष्टाव्या वर्षी चोवीस डोंगर चढायचे आणि प्रत्येक ठिकाणी खरंच बघायचं! माझं सगळं गेलंय, आणि मला उद्या सकाळ कधी होते असं झालंय. दुसरी सही कुठून आणायची ते माहीत नाही. मी मात्र निघते.

ताई

१५ ऑक्टोबर

ताई,

सगळी पत्रं पोचली. पहिलं मी खरंच टाकणार होते. भावजींचं अक्षर दिसलं आणि वाटलं, तुझंच काही बरंवाईट झालं. म्हणून फोडलं. तू धडधाकट आहेस हे वाचून आधी जीव भांड्यात पडला, मग राग आला.

तू वर गेली नव्हतीस, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. त्या दिवसांत त्रेसष्टला जायचं म्हणजे गुडघाभर चिखल तुडवायचा. मी आठ दिवसांपूर्वी गेले होते तेव्हा माझे बूट दोन दिवस वाळले नव्हते. तू घरी आलीस आणि बूट काढलेस. मी ते उचलून बाजूला ठेवले. कोरडे होते, तळाशी साधी मातीसुद्धा नव्हती.

मी काही बोलले नाही. वाटलं, ताई जेवताना सांगेल. मग वाटलं, मास्तरांना देण्याआधी सांगेल. मग बैठकीत तू उभी राहून ‘दोन तास’ म्हणालीस, आणि तुझ्या शब्दापुढे माझ्या बुटांची गोष्ट कोण ऐकणार होतं? जागा गेली त्याचं दुःख होतं, लोक हसले त्याचंही होतं. पण घर सोडून गेले ती त्या बुटांमुळे. सत्तावीस वर्षं मला एवढंच हवं होतं की तू स्वतः सांगावंस. मी विचारून तुझ्या तोंडून काढून घ्यायचं नव्हतं.

म्हणून उत्तर दिलं नाही. नऊ महिने तुझे दोन तास पत्रापत्रागणिक आटत चाललेले बघत होते. जूनमध्ये अर्ध्या तासावर आलीस तेव्हा मी काउंटरमागे एकटीच हसले. अकरा सप्टेंबरचं पत्र दुकानाच्या मागच्या खोलीत वाचलं आणि गिऱ्हाईक थांबवून ठेवलं. तेरा तारखेचं वाचल्यावर महिनाभर काही सुचलं नाही.

माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण ते मला अजून जमत नाही. जमेल की नाही ते माहीत नाही. पण सदतीस वाचल्यापासून माझा पाय दुकानात ठरत नाही. मालकाला सांगितलं, दोन महिने येणार नाही. तो म्हणाला, कारण काय. मी म्हटलं, मला सह्या करायच्या आहेत.

पण एक लक्षात ठेव. तू ‘नाही’ म्हणालीस म्हणून मी सही करणार नाही. प्रत्येक ठिकाणी मी स्वतः वाकून बघणार, माझं समाधान होईपर्यंत, मग दुपार होवो नाहीतर तिन्हीसांज. भावजींना सांग, पेपर दोन आणा.

शनिवारी सकाळच्या गाडीने पोचते. घरी नको, थेट त्रेसष्टच्या पायथ्याशी भेट. या दिवसांत ते पान वाळून गेलेलं असणार, हे मला ठाऊक आहे, तरी आधी तिथेच जायचं. मी पुढे चालेन. तू माझ्या मागून ये, आणि वाटेत कुठेही बसायचं नाही.

धाकटी